जुन्या फोनमधले कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर कॉम्प्युटरवर कसे आणायचे (आणि परत फोनमध्ये कसे न्यायचे)

नोकिया, सोनी एरिक्सन, सॅमसंग असा बटनांचा जुना फोन घरात आहे, कुणीतरी अजून वापरतंय किंवा कपाटात पडलाय, आणि त्यातले नंबर, वाढदिवस, रिमाइंडर कॉम्प्युटरवर घ्यायचेत, अशांसाठी हे सगळं एका जागी लिहितोय. याचे व्हिडिओ भरपूर आहेत पण बहुतेकांत एक तर पैसे मागणारं कुठलंतरी सॉफ्टवेअर गळ्यात मारतात, नाहीतर "गूगल अकाउंट टाका, सिंक करा" एवढंच सांगतात, जे या फोनवर आता चालतच नाही.

चालत का नाही ते आधी सांगतो म्हणजे त्यात वेळ जाणार नाही. एकेकाळी नोकियाच्या सिम्बियन (जुन्या स्मार्टफोनमधली सिस्टिम) फोनवर "मेल फॉर एक्सचेंज" टाकून किंवा सिंकएमएल नावाच्या पद्धतीने गूगलचे कॉन्टॅक्ट थेट फोनमध्ये यायचे. गूगलने ३० जानेवारी २०१३ पासून सिंकएमएल बंद केलं आणि एक्सचेंजवाला रस्ता नवीन फोनसाठी त्याच दिवशी बंद झाला. शिवाय आजच्या वेबसाइट आणि सर्व्हर जी सुरक्षित जोडणी मागतात, टीएलएस १.२ आणि पुढची, ती त्या फोनना येतच नाही, म्हणून सेटिंग कितीही बरोबर भरलं तरी "कनेक्शन एरर" येतो. तो फोन बिघडला म्हणून नाही, इंटरनेटच पुढे गेलंय. त्यामुळे इंटरनेटवरून सिंक हा विषय सोडून द्या. केबल, ब्लूटूथ, मेमरी कार्ड आणि सिम हे चार रस्ते मात्र अजूनही व्यवस्थित चालतात.

आणि माझं स्पष्ट मत, दोन्ही बाजूंनी आपोआप सिंक करायच्या नादी लागू नका. इकडे बदललं की तिकडे आणि तिकडे बदललं की इकडे, हे ऐकायला छान वाटतं पण जुना फोन आणि आजचा कॉम्प्युटर यांच्यात ते केलं की प्रत्येक नाव दोनदा-तीनदा येतं, आणि वाईट म्हणजे एक बाजू रिकामी असेल तर सॉफ्टवेअर दुसरी बाजूही रिकामी करू शकतं. त्यापेक्षा सगळं एकदा बाहेर काढा, कॉम्प्युटरवर साफ करा, तीच यादी खरी माना, आणि फोनला लागेल तेवढं तिथून एकाच दिशेने पाठवा. खालचं सगळं याच हिशोबाने आहे.

फोन चालू करण्याआधी

बॅटरी काढून बघा. मधून फुगली असेल, टेबलावर ठेवून भोवऱ्यासारखी फिरत असेल तर ती चार्ज करू नका, सरळ नवीन घ्या. नोकियाची बीएल-५सी ही बॅटरी अजूनही बहुतेक मोबाइलच्या दुकानांत मिळते कारण साध्या फोनमध्ये, छोट्या रेडिओ-स्पीकरमध्ये तीच वापरतात. (याच बॅटरीबद्दल नोकियाने ऑगस्ट २००७ मध्ये ४ कोटी ६० लाख नगांचा इशारा दिला होता, चार्जिंगच्या वेळी तापतात म्हणून, तेव्हा लोक बॅटरीवरचे नंबर तपासत फिरत होते ते अनेकांना आठवत असेल. तेव्हाची मूळ बॅटरी अजून फोनमध्ये असेल तर ती बदलाच.) पिनचा चार्जर सापडत नसेल तर बॅटरी काढून क्लिपमध्ये अडकवायचा युनिव्हर्सल चार्जर चालतो.

आता एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. बरीच वर्षं बंद असलेला फोन चालू केला की तो तारीख-वेळ विचारतो आणि आपण लगेच आजची तारीख टाकतो. नोकियाच्या एस-४० (म्हणजे सिम्बियन नसलेल्या, साध्या) फोनमध्ये कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये जुन्या नोंदी ठरावीक काळाने आपोआप पुसायचा पर्याय असतो, तो चालू असेल आणि आजची तारीख टाकली तर दहा वर्षांपूर्वीच्या सगळ्या नोंदी फोनच्या दृष्टीने मुदत संपलेल्या. वाढदिवसासारख्या दरवर्षी येणाऱ्या नोंदी राहतात, बाकीच्यांची खात्री नाही. म्हणून पहिल्यांदा फोन जेव्हा वापरात होता तेव्हाची एखादी तारीख टाका, कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटो-डिलीट बंद करा, मगच खरी तारीख लावा.

सिमचंही तसंच. जुनं सिम आत असेल तर ते तसंच राहू द्या, नंबर बंद झालेला असला तरी. सिमवरचे कॉन्टॅक्ट वाचायला नेटवर्क लागत नाही. आणि नोकियाच्या बऱ्याच फोनमध्ये दुसरं सिम टाकलं की कॉल लॉग पुसला जातो, त्यात एखादा सेव्ह न केलेला नंबर हवा असेल तर आधी वहीत उतरवून घ्या. सिमने पिन मागितला आणि आठवत नसेल तर अंदाजाने टाकत बसू नका, तीनदा चुकला की पीयूके (सिम परत उघडायचा कंपनीचा कोड) मागतो आणि तो दहादा चुकला की सिम कायमचं गेलं. फोनचा स्वतःचा सिक्युरिटी कोड वेगळा असतो, नोकियात कुणी बदलला नसेल तर तो १२३४५.

नंबर नेमके कुठे आहेत ते बघा

कॉन्टॅक्टच्या सेटिंगमध्ये "मेमरी इन यूज" असं काहीतरी दिसेल, तिथे फोन, सिम किंवा दोन्ही असे पर्याय असतात. दोन्ही निवडा म्हणजे सगळी यादी एकत्र दिसेल. निम्मे लोक इथेच फसतात, बॅकअप घेतात आणि मग म्हणतात अर्धे नंबर आलेच नाहीत, कारण बॅकअप फक्त फोनच्या मेमरीचा झाला आणि बाकीचे सिमवर होते. तर आधी सिमवरचे सगळे फोनमध्ये कॉपी करा. कॉपी करा, मूव्ह नको, म्हणजे काही झालं तरी सिमवरची प्रत शिल्लक राहते.

उलटं, म्हणजे फोनमधले सिमवर टाकून सिम नव्या फोनमध्ये घालायचं, हे सगळ्यात सोपं वाटतं आणि मोबाइलच्या दुकानातही हेच करून देतात, पण दुसरा काही रस्ता असेल तर करू नका. सिमवर एका नावापुढे एकच नंबर बसतो, नाव साधारण १४ इंग्रजी अक्षरांच्या पुढे कापलं जातं, देवनागरीत असेल तर त्याहून कितीतरी आधी, आणि ईमेल, पत्ता, वाढदिवस काहीच जात नाही. घरचा, ऑफिसचा, मोबाइल असे तीन नंबर एका नावाखाली नीट लावलेले असतात ते सुटे होऊन विखुरतात. नोकिया ११०० सारख्या फोनला मात्र ब्लूटूथ, मेमरी कार्ड, केबल यातलं काहीच नाही, तिथे सिमशिवाय इलाज नाही. त्यात ५० च नंबर मावतात म्हणा, तेव्हा सिम करत बसण्यापेक्षा समोर ठेवून हाताने टाइप केलेले बरे, तेवढ्यात कोणता नंबर अजून चालू आहे तेही बघून होतं.

सिमचाच रस्ता घ्यावा लागला तर जुनं मोठं सिम कापून नॅनो करू नका, चिप कापली जाऊ शकते. मोठ्या सिमचा स्लॉट असलेला जुना अँड्रॉइड फोन कुणाकडे तरी असतोच, तो तासाभरासाठी मागून घ्या आणि कॉन्टॅक्ट ॲपमध्ये "इम्पोर्ट फ्रॉम सिम" करा.

बाहेर काढायचे रस्ते

सिम्बियन फोन, म्हणजे एन-७०, एन-७३, ६६००, ई-सीरिज, ५२३३ वगैरे: मेमरी कार्ड हाच सगळ्यात चांगला रस्ता. कॉन्टॅक्ट उघडा, ऑप्शन्समध्ये मार्क ऑल करा, परत ऑप्शन्समध्ये कॉपी, आणि तिथे मेमरी कार्ड निवडा. मॉडेलप्रमाणे शब्द थोडे इकडेतिकडे असतील. मग कार्ड काढून रीडरमध्ये घालून कॉम्प्युटरला लावा, त्यात "अदर्स" नावाचा फोल्डर आणि आत "कॉन्टॅक्ट्स", त्यात प्रत्येक माणसाची एक वेगळी व्हीसीएफ फाइल (कॉन्टॅक्ट ठेवायचा फाइलचा प्रकार) मिळेल. हा सगळा फोल्डर कॉम्प्युटरवर कॉपी करून घ्या आणि त्याची आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. ती प्रत उघडायची नाही, बदलायची नाही, ती मूळ.

नोकियाचे एस-४० फोन, ज्यात मेमरी कार्ड आहे, उदाहरणार्थ ५१३०, ५३१०, २७००, एक्स-२: सेटिंग्जमध्ये "सिंक अँड बॅकअप", तिथे "क्रिएट बॅकअप", कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर दोन्हीवर टिक. कार्डावर बॅकअपच्या फोल्डरमध्ये एनबीएफ नावाची फाइल तयार होते. ही फाइल बघून लोक घाबरतात की आता नोकियाचं सॉफ्टवेअर कुठून आणायचं, पण ती आतून साधी झिप फाइल आहे. एक प्रत काढा, प्रतीच्या नावातलं शेवटचं एनबीएफ काढून झिप करा, उघडा, आतल्या फोल्डरांत शोधत गेलात की कॉन्टॅक्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये व्हीसीएफ फाइली दिसतील. फोल्डरांच्या जंगलात जायचं नसेल तर एनबीयू एक्सप्लोरर नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ही फाइल उघडली की कॉन्टॅक्ट, कॅलेंडर, एसएमएससुद्धा वेगवेगळे दिसतात आणि एक्सपोर्ट करता येतात. पीसी सूटने (नोकियाचं कॉम्प्युटरवर चालणारं सॉफ्टवेअर) पूर्वी कधी घेतलेली एनबीयू नावाची बॅकअप फाइल जुन्या हार्डडिस्कवर पडली असेल तर तीही यातच उघडते, म्हणजे फोन हरवला असला तरी नंबर मिळू शकतात. जुन्या कॉम्प्युटरमध्ये एकदा शेवटी एनबीयू असलेल्या फाइली शोधून बघाच.

कार्ड नसेल तर ब्लूटूथ. इथे क्रम महत्त्वाचा आहे:

१. फोनमध्ये ब्लूटूथ चालू करून "व्हिजिबल टू ऑल" करा. विंडोज ११ मध्ये जुने फोन यादीत दिसतच नाहीत असं होतं, तेव्हा ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये डिव्हाइस डिस्कव्हरी "डिफॉल्ट" वरून "ॲडव्हान्स्ड" करा, मग दिसतात.

२. पेअर करा. कोड मागितला तर दोन्हीकडे एकच टाकायचा, ०००० किंवा १२३४ चालतो.

३. आधी कॉम्प्युटरवर खाली ब्लूटूथच्या चिन्हावर राइट क्लिक करून "रिसीव्ह अ फाइल" दाबा, ती खिडकी वाट बघत उघडी राहिली पाहिजे, आणि त्यानंतर फोनमधून "सेंड बिझनेस कार्ड, व्हाया ब्लूटूथ". उलट क्रमाने केलं की "सेंडिंग फेल्ड" येतं आणि लोक समजतात ब्लूटूथ गेलं.

काही फोनमध्ये सगळे मार्क करून एकदम पाठवता येतात, काहींत एकेकच जातो. एकेकच जात असेल आणि नंबर शेकड्यांनी असतील तर मग केबल आणि पीसी सूट. नोकिया पीसी सूट किंवा त्यानंतर आलेलं नोकिया सूट विंडोज ७ वर छान चालतं, १० वर चालतं पण कधी केबलचा ड्रायव्हर रुसतो. कंपनीच्या साइटवर ते आता मिळत नाही, इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या प्रती आहेत, कुठूनही घेतलं तरी इन्स्टॉल करण्याआधी अँटीव्हायरसने तपासा, कारण याच नावाने बरंच घाणेरडं सॉफ्टवेअर फिरतं. जमलं तर घरातल्या जुन्या विंडोज ७ च्या लॅपटॉपवर, नेट बंद ठेवून करा. केबल लावली की फोन विचारतो कुठला मोड, तिथे "पीसी सूट" निवडा, "मास स्टोरेज" नाही. मग कॉन्टॅक्टच्या विभागात जाऊन सगळे सिलेक्ट करून फाइल मेनूमधून एक्सपोर्ट. सिंक्रोनाइज नावाचं मोठं बटन समोर दिसेल, ते दाबू नका.

सोनी एरिक्सन असेल तर मायफोनएक्सप्लोरर हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, ते मुळात त्याच फोनसाठी बनलं होतं आणि कॉन्टॅक्ट, कॅलेंडर, एसएमएस सगळं काढून देतं. लिनक्सवाल्यांना गामू आणि त्याची खिडकीवाली आवृत्ती वामू आहे, ती नोकिया एस-४० सकट बऱ्याच जुन्या फोनशी बोलते. सॅमसंगच्या जुन्या फोनना कीज नावाचं त्यांचंच सॉफ्टवेअर लागतं. जिओफोनमध्ये हे काहीच करावं लागत नाही, कॉन्टॅक्टच्या सेटिंगमध्येच एक्सपोर्ट करून मेमरी कार्डवर फाइल मिळते.

साफसफाई, म्हणजे खरं काम

इथे घाई करू नका. फाइली हातात आल्या की काम झालं असं वाटतं पण जशाच्या तशा गूगलमध्ये टाकल्या तर पुढे वर्षभर निस्तरत बसावं लागतं.

पहिलं, शेकडो सुट्या व्हीसीएफ असतील तर त्यांची एक करा. विंडोजमध्ये त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत कॉपी, स्पेस, स्लॅश बी, स्पेस, स्टार डॉट व्हीसीएफ, स्पेस, आणि नव्या फाइलचं नाव असं टाइप करा. नव्या फाइलच्या नावाला शेवटी टीएक्सटी द्या आणि काम झाल्यावर व्हीसीएफ करा, नाहीतर ती स्वतःच स्वतःमध्ये जोडली जायचा घोळ होतो.

दुसरं, देवनागरी नावं. फाइल नोटपॅडमध्ये उघडली की मराठी नावांच्या जागी बरोबरची (=) चिन्हं आणि इंग्रजी अक्षर-आकड्यांची लांबलचक माळ दिसते आणि वाटतं की सगळं खराब झालं. झालेलं नाही. व्हीकार्डच्या (व्हीसीएफ फाइल ज्या पद्धतीने लिहितात तिचं नाव) २.१ या १९९६ च्या आवृत्तीत इंग्रजी सोडून बाकी अक्षरं अशीच लिहायची पद्धत होती, आपल्या एका अक्षराला नऊ चिन्हं, म्हणजे "आई" एवढंसुद्धा अठरा चिन्हांत बसतं. हाताने काही दुरुस्त करू नका, फाइल जशी आहे तशी इम्पोर्ट करा. आधी दोन-तीन मराठी नावांची छोटी फाइल करून बघा. गूगलच्या वेबसाइटवर नावं वाकडी आली तर तीच फाइल अँड्रॉइड फोनमध्ये टाकून तिथल्या कॉन्टॅक्ट ॲपमधून इम्पोर्ट करा, त्याला ही जुनी पद्धत चांगली समजते.

तिसरं, एक्सेल. सीएसव्ही फाइल (स्वल्पविराम टाकून लिहिलेला साधा तक्ता) मिळाली असेल तर तिच्यावर डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. एक्सेल नंबरांना नंबर समजतं, म्हणजे ०२० किंवा ०२३१ ने सुरू होणाऱ्या लँडलाइनचा पहिला शून्य खातं, ९१ लावलेला बारा आकडी मोबाइल नंबर ९.१९ ई+११ असा दाखवतं, आणि तसंच सेव्ह केलंत तर शेवटचे आकडे खरोखर गेले, परत येत नाहीत. देवनागरीचाही चिखल होतो. त्याऐवजी डेटा मेनूमधून "फ्रॉम टेक्स्ट" ने घ्या, एन्कोडिंग यूटीएफ-८ आणि नंबरांचे सगळे कॉलम "टेक्स्ट" असे सांगा. लिब्रे ऑफिस उघडतानाच हे दोन्ही विचारतं, त्यामुळे या कामाला मी तेच वापरतो.

चौथं, नंबरांची तऱ्हा. जुन्या फोनमध्ये एकाच माणसाचा मोबाइल एकदा नुसता दहा आकडी, एकदा पुढे शून्य, एकदा प्लस ९१ लावून सेव्ह असतो. सगळे मोबाइल प्लस ९१ आणि दहा आकडे असे करा, लँडलाइन प्लस ९१, शून्य काढून एसटीडी कोड, आणि नंबर. परदेशातल्या नातेवाइकांचे ०० ने सुरू होणारे असतील तर ०० च्या जागी प्लस. एवढं केलं की डुप्लिकेट आपोआप पकडले जातात आणि बाहेरगावी, बाहेरदेशी कुठूनही नंबर लागतो. नावांचं मात्र तुम्ही ठरवा, आईच्या फोनमध्ये "गॅसवाला", "नाशिक काकू", "दूध नवीन" असं असेल तर ते तिला तसंच सापडतं, तुमच्या सोयीसाठी त्याचं आडनाव-पहिलं नाव करू नका. बंद वाटणारे नंबरही लगेच पुसू नका, "जुने" असं लेबल लावून बाजूला ठेवा. गावाकडच्या एखाद्या माणसाचा तोच एक दुवा असू शकतो.

गूगलमध्ये टाकताना

कॉम्प्युटरवर गूगल कॉन्टॅक्ट्स उघडा, इम्पोर्ट, फाइल निवडा. आलेल्या सगळ्यांना त्या दिवसाच्या तारखेचं लेबल आपोआप लागतं, ते लगेच पुसू नका, त्या लेबलमुळेच कळतं की कुठले नवीन आले. काही बिनसलं तर सेटिंगमध्ये "अनडू चेंजेस" आहे, ३० दिवसांपर्यंत मागे जाता येतं. सगळं ठीक दिसलं की "मर्ज अँड फिक्स" बघा, पण "मर्ज ऑल" डोळे झाकून दाबू नका, आपल्याकडे एका घरातल्या चार माणसांना एकच लँडलाइन असतो.

ज्यांना गूगलला काही द्यायचं नाही त्यांनी थंडरबर्डचं ॲड्रेस बुक वापरा, व्हीसीएफ त्यातही जाते आणि सगळं आपल्याच कॉम्प्युटरवर राहतं.

कॅलेंडर

कॅलेंडर हा कॉन्टॅक्टपेक्षा किचकट भाग आहे. जुने फोन नोंदी व्हीसीएस या प्रकारात देतात आणि आजची कॅलेंडरं आयसीएस मागतात. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून काही जण सांगतात नुसतं शेवटचं नाव बदला. साधी एकदाची नोंद तशी कधी कधी जाते, पण दरवर्षी येणारा वाढदिवस एकदाच येऊन थांबतो, कारण "दरवर्षी" हे सांगायची पद्धत दोन्हीत वेगळी आहे.

ऑफिसबरोबर येणारं जुनं आउटलुक कुणाकडे असेल तर त्यातला इम्पोर्टचा विझार्ड व्हीसीएस घेतो, मग तिथून कॅलेंडर आयसीएस म्हणून सेव्ह करायचं. फोनमधून नोंदी ब्लूटूथने पाठवतानाही वर सांगितलेलाच क्रम.

गूगल कॅलेंडरमध्ये इम्पोर्ट फक्त कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून होतं, ॲपमधून नाही. टाकण्याआधी "जुना फोन" नावाचं एक वेगळं कॅलेंडर तयार करा आणि त्यातच इम्पोर्ट करा. हे नक्की करा. चुकीचं आलं तर ते एक कॅलेंडर डिलीट केलं की झालं, नाहीतर तुमच्या रोजच्या नोंदींतून दोनशे चुकीच्या नोंदी एकेक करून वेचाव्या लागतील.

आल्यावर दोन गोष्टी तपासा. सगळ्या वेळा साडेपाच तासांनी पुढे-मागे झाल्या असतील तर फाइलमधली वेळ आपली आहे की जागतिक, यात गोंधळ झालाय. आणि वाढदिवस एक दिवस आधी दिसत असतील तर तेही तेच, आपल्या मध्यरात्री जागतिक वेळेत आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहा असतात. टाइम झोन कोलकाता लावून नवीन इम्पोर्ट करा, एकेक नोंद हाताने सरकवू नका.

वाढदिवसांसाठी माझा सल्ला वेगळाच आहे, ते कॅलेंडरमध्ये टाकूच नका. कॉन्टॅक्टमध्ये त्या माणसाच्या नावापुढे वाढदिवसाची जागा असते तिथे भरा, गूगल कॅलेंडर तिथून स्वतः दाखवतं, आणि पुढे फोन बदलला तरी नावाबरोबर तारीख जाते. सीएसव्हीने टाकलेल्या नोंदींना "दरवर्षी" सांगायची सोयच नसते, हेही त्याला कारण.

आणि तिथीने होणाऱ्या गोष्टी, घरातलं श्राद्ध किंवा आजोबांचा तिथीचा वाढदिवस, कुणी जुन्या फोनमध्ये "रिपीट इयरली" करून ठेवल्या असतील तर त्या पुढे आणू नका. त्या पहिल्या वर्षापुरत्याच बरोबर होत्या, तिथी दरवर्षी साधारण ११ दिवस आधी येते आणि अधिक महिना आला की पुढे जाते. नोंदीत तिथी आणि महिना लिहून ठेवा आणि गुढीपाडव्याला नवीन पंचांग हातात आलं की त्या वर्षाच्या तारखा टाका.

परत फोनमध्ये पाठवायचं असेल तर

आईवडिलांना बटनांचाच फोन सोयीचा वाटतो आणि तो त्यांनी वापरावा, त्यात काही गैर नाही. त्यांच्यासाठी साफ केलेल्या यादीतले रोजचे तीस-चाळीस नंबर वेगळ्या लेबलखाली घ्या.

गूगलच्या साइटवरून घेतलेली व्हीसीएफ ३.० आवृत्तीची असते, जुन्या फोनना २.१ आवडते. अँड्रॉइडच्या कॉन्टॅक्ट ॲपमधून एक्सपोर्ट केली की २.१ मिळते, तीच वापरा. फोटो काढून टाका, त्याने फाइल उगाच फुगते आणि जुना फोन मध्येच अडकतो. सिम्बियनला सगळ्यांची मिळून एक फाइल पाठवली तर तो बऱ्याचदा पहिलंच नाव घेतो आणि गप्प बसतो, त्याला सुट्या फाइलीच द्याव्या लागतात.

गेल्या काही वर्षांतल्या नोकियाच्या साध्या फोनमध्ये, ज्यात मेमरी कार्ड लागतं आणि सेटिंगमध्ये बॅकअप आहे, तिथे एक चांगली युक्ती चालते. आधी फोनमधूनच एक बॅकअप घ्या म्हणजे कार्डावर बॅकअपचा फोल्डर आणि आत "बॅकअप डॉट डॅट" अशी फाइल तयार होईल. ती फाइल कॉम्प्युटरवर जपून ठेवा, तुमच्या २.१ वाल्या व्हीसीएफला तेच नाव देऊन तिच्या जागी ठेवा, कार्ड फोनमध्ये घाला आणि "रिस्टोअर". पहिल्यांदा दोनच नावांची फाइल करून बघा, मराठी नावं स्क्रीनवर नीट दिसतात ना ते बघा, मग पूर्ण यादी.

एकदा हे बसलं की पुढचा नियम एवढाच, नवीन नंबर आला की तो कॉम्प्युटरवरच्या यादीत आधी जायला हवा. फोनमध्ये थेट सेव्ह झालेले नंबर असतातच, तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी फोन हातात घेऊन तेवढे नवीन ब्लूटूथने कॉम्प्युटरवर घ्या आणि यादीत टाका. वर्षातून एकदा गूगलमधली पूर्ण यादी व्हीसीएफ आणि कॅलेंडर आयसीएस म्हणून उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा, फाइलच्या नावात वर्ष लिहा.

जुना फोन विकायचा किंवा कुणाला द्यायचा असेल तर कॉम्प्युटरवरची यादी उघडून अधूनमधून दहाबारा नावं फोनशी ताडून बघा, विशेषतः एका नावाखाली दोन-तीन नंबर असलेली, आणि ती जुळली तरच फॅक्टरी रीसेट करा. कार्ड आणि सिम त्याआधी काढून घ्या, रीसेटने त्यांच्यातलं काही पुसलं जात नाही.